समुपदेशनाच्या भेटीबाबत सूचना

सर्व पालक सभासदांना नमस्कार.

रविवारी सकाळी १० वाजता फोंड्यात आपल्या शाळेच्या सभागृहात समुपदेशक येत आहेत. आधी सगळं कुटुंब एकत्र बसेल, मग मुलाशी ते एकट्यानेच बोलतील. त्या वेळी दाराशी थांबू नका. घरी गेल्यावर ‘काय विचारलं, तू काय सांगितलंस’ असं खोदून विचारू नका, ही कळकळीची विनंती. तिथलं बोलणं तिथंच राहील याची खात्री पटली, तरच मूल मोकळं होतं. जिवाला धोका दिसला, तर समुपदेशक पालकांना सांगतातच.

कॉलेजात जाणाऱ्यांनीही यावं. पण १८ पूर्ण झालेल्यांनी आपलं नाव आपणच द्यावं, आईवडिलांनी परस्पर देऊ नये.

समुपदेशक औषधं देत नाहीत. झोप-जेवण बरेच दिवस बिघडलं असेल, तर बांबोळीच्या आयपीएचबी या सरकारी मानसोपचार रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तिथं जायला लाजण्यासारखं काहीही नाही. आणि जीव नकोसा झाल्याचं मूल बोललं, तर रविवारची वाट पाहू नका. १४४१६ या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही मोफत बोलता येतं, मराठीतूनही.

नावं शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावीत.

— चिटणीस, पालक-शिक्षक संघ