थीसिसवाल्या मॅडमना, एका मामाकडून

मॅडम नमस्कार,

तुमचं नाव मुद्दाम टाकत नाही, तुम्हाला न विचारता कशाला टाकायचं, पण संभाजीनगरच्या घाटी सरकारी दवाखान्यातल्या एनआयसीयूच्या (कमी दिवसांच्या अन आजारी तान्ह्या लेकरांच्या वॉर्डाच्या) सिस्टर लोकांनी हे वाचलं तर त्यांना लगेच कळंल कोणत्या मॅडम ते. लहान मुलांच्या विभागातल्या जेआर, म्हणजे एमडी शिकणाऱ्या डॉक्टर, हातात कायम निळी फाईल, रात्रभर ड्युटी करून सकाळच्या राउंडला परत हजर.

आमचं लेकरू भोकरदन तालुक्यातलं, बत्तिसाव्या आठवड्यातच आलेलं, १३४० ग्रॅमचं. बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती, दाजी ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, ते कर्नाटकात अन इकडं कापूस वेचणीचे दिवस, म्हणून सगळी पळापळ माझ्या अंगावर. कळा सुरू झाल्यावर आधी एका खाजगी दवाखान्यात गेलो तर तिथं पेशंटला हात लावायच्या आधी काचेच्या पेटीचं रोजचं भाडं अन डिपॉझिट सांगितलं. मग सरकारी दवाखान्यात नेलं, तिथल्या सिस्टरनी तपासलं, एक इंजेक्शन दिलं, चिठ्ठीवर टाइम लिहिला अन गाडीत बसवून घाटीला पाठवलं.

लेकरू झाल्यावर तुम्ही मला पहिलं हेच विचारलं की ते इंजेक्शन कव्हा दिलं होतं. मला वाटलं झालं, काहीतरी चुकीचं दिलं त्यांनी. तर तुम्ही चिठ्ठी बघून म्हणल्या, "फार चांगलं केलं त्यांनी." नंतर निवांत असताना मी विचारलं तव्हा तुम्ही ती मेंढ्यांची गोष्ट सांगितली ना, ती मी गावात इतक्या जणांना सांगितली की आता आमचे धनगर लोक मला बघून हसतात. न्यूझीलंडमधे लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर अभ्यास करत होते, गाभण मेंढी लवकर कशी विते ते बघायला औषध देऊन बघत होते, तर एक कोकरू इतकं अपुऱ्या दिवसांचं होतं की जगायलाच नको होतं अन ते तर श्वास घेत होतं. तिथून डोक्यात आलं की या औषधानं फुप्फुसं आधीच तयार होत असतील. मग ऑकलंडच्या नॅशनल वुमेन्स हॉस्पिटलमधे त्यांनी अन हॉवी नावाच्या डॉक्टरांनी २८२ आयांवर ते तपासून बघितलं अन १९७२ साली छापलं. बायकांचाच दवाखाना, तिथंच बाळंतपणं अन तिथंच अभ्यास. अन त्याच जातीचं इंजेक्शन, डेक्सा, दर बारा तासाला एक असे चार डोस, आमच्या तालुक्यातली सिस्टर आज सुरू करते. खरं सांगतो मॅडम, हे ऐकून मी त्या रात्री झोपलोच नाही, कॉरिडॉरमधे जालना, बीड, परभणी, हिंगोलीची माणसं सतरंज्या टाकून पडलेली अन मी आपला मेंढ्यांचा विचार करतोय.

आता मेन गोष्ट. तुम्ही फॉर्म घेऊन आल्या अन म्हणल्या माझं एमडीचं थीसिस आहे, तव्हा आमची आई जी भडकली ती भडकलीच. शेजारच्या खाटेवरच्या एका बाईनं तिच्या मनात आधीच भरवलं होतं की हे शिकाऊ डॉक्टर लेकरांवर प्रयोग करतात. आमच्या भागात ही भीती लय खोल आहे अन ती उगाच आहे असं पण मी म्हणणार नाही, गरीब माणसाला विचारतंय कोण. पण तुम्ही विचारलं. खाटेवर बसून, आमच्यासारखं बोलून सांगितलं की औषध नवीन काही नाही, लेकराला छातीशी धरून ठेवायचं काम घरातलं कोण कोण करतं अन किती तास करतं एवढंच लिहायचंय, अन नाही म्हणलात तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही. आईनं तीनदा विचारलं, तुम्ही तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा पण तेवढ्याच शांतपणे. मग बहीण म्हणली द्या, मी सही करते.

ते कांगारूचं पण (छातीशी धरून ठेवायच्या त्या पद्धतीला कांगारू म्हणतात) आईला आधी पटत नव्हतं, लेकराला उघडं काहून ठेवता, वारं लागंल म्हणायची. नुसती टोपी, मोजे अन लंगोट, आईच्या उघड्या छातीवर उभं, मान एका बाजूला, वरून कापड बांधलेलं. तुम्ही सांगितलं की १९७८ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटाच्या दवाखान्यात पेट्या कमी पडत होत्या, एकेका पेटीत दोन दोन लेकरं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी हे सुरू केलं. मी तव्हा म्हणलं, म्हणजे गरिबाचा जुगाड. तुम्हाला ते आवडलं नसावं, कारण दुसऱ्या दिवशी तुम्ही कागदावर आकडे लिहूनच आणले. पाच देशांतली ३२११ लेकरं, त्यात आपल्या दिल्लीचं सफदरजंग पण. काहींना जन्मल्यावर लगेच छातीशी दिलं, बाकीच्यांना तब्येत स्थिर झाल्यावर. पहिल्या गटात २८ दिवसांत १२ टक्के लेकरं गेली, दुसऱ्या गटात १५.७. फरक एवढा दिसला की तो अभ्यास मधेच थांबवावा लागला, २०२१ ला छापून आला. मी बारावी सायन्स नापास माणूस, पण शंभरात साडेतीन-चार लेकरं जास्त वाचतात म्हणजे काय ते मला कळतं.

मग बहिणीला जेवायला, अंघोळीला, जरा पाठ टेकायला वेळ मिळावा म्हणून मी शर्ट काढून बसलो. पूर्ण वॉर्ड बघायला लागला, एक आजी तर तोंडाला पदर लावून हसली. तुमच्या फॉर्मवर आई, वडील, आजी असे रकाने होते अन शेवटी इतर. मी म्हणलं मॅडम मी इतर आहे का, तर तुम्ही हसून पेनानं तिथंच "मामा" लिहिलं अन खाली माझे तास. त्यानंतर दोन बाप अन एक आजोबा पण बसायला लागले बरं का, ते तुमच्या फाईलीत आलंच असंल.

अजून एक राहिलं. सुट्टी देताना डोळ्याच्या पडद्याच्या तपासणीची तारीख तुम्ही कार्डावर लाल पेनानं लिहिली अन आदल्या दिवशी फोन करून आठवण पण दिली. कमी दिवसाच्या लेकराचा पडदा महिनाभरात तपासायलाच पाहिजे, उशीर झाला तर नजर जाऊ शकते, हे आमच्या सात पिढ्यांत कुणाला माहीत नव्हतं. दिसायला तर डोळे चांगलेच दिसत होते, फोन नसता आला तर वेचणीच्या गडबडीत आम्ही काय जात नव्हतो. तपासलं, पडदा चांगला आहे. आशाताई पण ठरलेल्या दिवशी येऊन वजन करून गेल्या, आता वाटी-चमचा सुटला, अंगावरच पितं.

मॅडम, थीसिस पास झालं की त्यात काय निघालं ते आम्हाला पण सांगा. इंग्रजीत असंल तर चार ओळी मराठीत व्हॉट्सअपवर टाका, आई रोज विचारते त्या पोरीच्या परीक्षेचं काय झालं म्हणून. अन जावळाचं आमंत्रण घेऊन मी येतोच आहे, ड्युटी नसंल तो दिवस कळवा.

तुमचा,
मामा (रकाना नंबर चार)