तो क्लायंटचा आवाज

चरई, ठाणे

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

रागावून लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. डेंग्यू झाल्याचं मला तुझ्या रूममेटकडून कळलं, तेही ताप उतरल्यावर. ठाण्याहून गाडी सुटली की दिघा गाव, मग ऐरोली. एवढ्यावरून आई आली नसती? बरं, सोडलं.

ती सांगत होती, १०२ तापातही तू लिपस्टिक लावून मीटिंगला बसायचीस. कॅमेरा बंद झाला की आडवी. का, तर अप्रेझल तोंडावर आलंय, लीडला वाटायला नको ही ढेपाळली. प्लेटलेट्स किती होत्या गं? तू नुसतं ‘ठीक’ म्हणालीस.

मी तर हेच शिकवायचे. समाजशास्त्रज्ञ गॉफमन स्कॉटलंडजवळच्या शेटलंड बेटांवरच्या हॉटेलात बघत बसला होता, १९५० च्या आसपास. वाढपी स्वयंपाकघरात एका तऱ्हेने वागायचे, दार ढकलून पाहुण्यांसमोर आले की चेहरा वेगळा. वर्गात कुणीतरी म्हणायचंच, “मॅम, म्हणजे ढोंग!” मी म्हणायचे, ढोंग कसलं, तेही कामच आहे. आजही म्हणेन. पण त्यांना मध्ये दार तरी होतं. तुझा पलंग आणि ऑफिस एकाच खोलीत, आणि रात्री अकरालाही तो ‘ऑनलाइन’चा हिरवा ठिपका चालू.

पुढे जोन्स आणि पिटमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली लोकांवर छाप पाडण्याच्या पाच तऱ्हा मांडल्या: खुशामत, आपली हुशारी मिरवणं, धाक, बिचारेपणा, आणि ‘मी किती झिजते’ हे दिसू देणं. तुझी शेवटची. एकदा अकराला मेल पाठवलीस की लोक रोज अकरापर्यंत तुला गृहीत धरतात, आणि मग... झालं माझं लेक्चर सुरू. माफ कर, सवय जात नाही.

बाबा वागळे इस्टेटला असताना साहेबांची फेरी असली की हात मुद्दाम ऑइलचे करून मशीनपाशी उभे राहायचे. घरी आले की गॅलरीत बसून त्याच साहेबांची नक्कल. आणि साधी शिंक आली तरी अख्ख्या चाळीला कळायचं! तू त्यांच्यावर गेलीस म्हणते आत्या. निम्मीच गेलीस.

पहिल्या इंटरव्ह्यूत तू सरळ म्हणाली होतीस, “हे मला येत नाही, शिकून घेईन.” घेतलं ना त्यांनी? मी अजून सगळ्यांना सांगते. पण टीममध्ये एकटी मुलगी असलं की ‘नाजूक’ हा शिक्का लवकर बसतो, तेही कळतं मला. तुझ्या वेळी सातव्या महिन्यात मीच परीक्षेची सुपरव्हिजन मागून घेतली होती, कुणी बोलायला नको म्हणून. तेव्हा तुला कुठल्या तोंडाने शिकवू?

ऑफिसात काय दाखवायचं ते दाखव. फोनवर मला “ऑल गुड आई, एकदम मस्त” म्हणतेस, तो क्लायंटचा आवाज मला ओळखू येतो. तो मला नको.

डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दिवसच जपायचे असतात, डॉक्टरांनी सांगितलं असेलच. शनिवारी आत्या रबाळ्याला जातेय, तिच्याबरोबर मेतकूट आणि लिंबाचं लोणचं पाठवते, मऊ भात तेवढा लावून घे. आणि पुन्हा रक्त तपासलंस की रिपोर्टचा फोटो अख्खा पाठव, प्लेटलेट्सची ओळ कापून नाही.

तुझी,
आई