ग्रुपला मेल पाठवताना सगळ्यांचे पत्ते उघडे टाकू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नाशिकला राहते, वय ६९, सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते. पेपरला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ, पण दोन महिन्यांपूर्वी जे झालं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

माझ्या धाकट्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. अशा पेशंटच्या घरच्यांचा एक स्वमदत गट आहे, महिन्यातून एकदा आम्ही जमतो, बोलतो, कधी रडतो पण. तिथे बोललेलं बाहेर जात नाही हा पहिल्या दिवसापासूनचा नियम आणि सगळे तो पाळतात. आणि मग एका डॉक्टरांच्या व्याख्यानाचा मेल आला, गटाचं काम बघणाऱ्या मुलाने फॉरवर्ड केलेला, आणि वर टू मध्ये आम्हा सगळ्यांचे पत्ते, मी मोजले, ११२. आता आपले ईमेलचे पत्ते कसे असतात, नाव टिंब आडनाव, म्हणजे पत्ता कसला ती नावांची यादीच झाली की. त्यात एक नाव आमच्याच बिल्डिंगमधल्या बाईंचं होतं. आम्ही दोघी सहा वर्षं रोज सकाळी एकत्र फिरायला जातो. तिने मला कधी सांगितलं नव्हतं, मीही तिला नाही, आमच्या दोघींच्या बैठकीचे दिवस वेगळे असल्यामुळे तिथेही कधी गाठ पडली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती फिरायला आली नाही, त्यानंतरही नाही.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण व्याख्यान चांगलं आहे म्हणून गटातल्याच कुणीतरी तो मेल आपल्या नातेवाईकांना पुढे पाठवला, शेपटासकट. चार दिवसांनी माझ्या नात्यातल्या एकीचा फोन, अगं तुझं नाव कसं काय त्यात? माझा मुलगा शेजारीच बसला होता, त्याने ऐकलं, आणि दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही.

मला कुणाला दोष द्यायचा नाहीये, गटाचं काम बघणारा तो मुलगा जीव तोडून काम करतो आणि तेही फुकट, पण ही चूक इतकी सहज होते आणि इतक्या सहज टाळताही येते म्हणून तळमळ होते. मेलमध्ये टू आणि सीसी असतं तसंच बीसीसी असतं, ब्लाइंड कार्बन कॉपी. हे कॉम्प्युटरवाल्यांनी नव्याने काढलेलं नाही, आम्ही टाइपरायटरवर करायचोच. एखादी प्रत तिसऱ्याला द्यायची पण मूळ पत्र ज्याला जाणार त्याला ते कळू द्यायचं नाही, मग मूळ कागद मशीनमधून काढायचा आणि कार्बनच्या प्रतीवर तेवढं नाव टाइप करायचं. मेलमध्ये तर तेवढीही खटपट नाही. जीमेल कॉम्प्युटरवर उघडलं तर टू च्या ओळीत उजव्या कडेला बीसीसी लिहिलेलं असतं, फोनवर टू शेजारी एक छोटा बाण असतो तो दाबला की खाली येतं. टू मध्ये स्वतःचाच पत्ता घालायचा आणि बाकी सगळे बीसीसीत, मग प्रत्येकाला मेल मिळतो पण दुसरं कोण आहे ते कुणालाच दिसत नाही. शिवाय कुणी चुकून रिप्लाय ऑल केलं तरी उत्तर बीसीसीतल्या बाकीच्यांकडे जात नाही.

फॉरवर्ड करताना मात्र लोक इथेच फसतात. बीसीसी फक्त तुमची यादी झाकतं, आधीच्या माणसाने घातलेली यादी खाली मजकुरात तशीच राहते, फॉरवर्डेड मेसेज लिहिलेलं असतं त्याच्या खालच्या टू आणि सीसीच्या ओळींत. ती हाताने पुसावी लागते. मी तर सांगेन फॉरवर्ड करूच नका, कामाचा तेवढा मजकूर कॉपी करून नव्या मेलमध्ये टाका.

कुणाला वाटेल एवढं काय त्यात. लंडनमध्ये ५६ डीन स्ट्रीट नावाचं क्लिनिक आहे, सप्टेंबर २०१५ मध्ये तिथून एचआयव्हीच्या सेवेशी संबंधित वार्तापत्र ७८१ जणांना गेलं आणि पत्ते बीसीसीऐवजी टू मध्ये पडले, त्यातल्या ७३० पत्त्यांत पूर्ण नावं होती. १ लाख ८० हजार पौंड दंड झाला. आणि २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याने तालिबान आल्यावर अफगाणिस्तानातून बाहेर पडू बघणाऱ्या २४५ जणांना असाच एक मेल पाठवला, दोघांनी सगळ्यांना उत्तर दिलं आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत तेही लिहिलं. तालिबानच्या हाती ती यादी लागली असती तर काय, विचारसुद्धा करवत नाही. मोठमोठ्या खात्यांचं हे होतं तर आपल्या सोसायट्या, भिशी, भजनी मंडळं, शाळांचे पालक, पेशंटचे गट यांचं काय बोलायचं. आपल्याकडेही २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झालाय आणि २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, पण घरगुती मेलला तो लागू नाही, तिथे आपणच एकमेकांची काळजी घ्यायची.

ज्यांच्याकडे अशा याद्या असतात त्या सगळ्या सेक्रेटरींना, शिक्षकांना, कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, पाठवायचं बटण दाबायच्या आधी टू मध्ये काय आहे ते एकदा बघा. आणि बैठकीत नवीन माणूस आला की त्याला विचारा, तुमचा पत्ता दुसऱ्यांना दिसला तर चालेल का? आमच्या गटात आता विचारतात. मी त्या मुलाला फोन केला, तो ऐकूनच गप्प झाला, नंतर सगळ्यांची एकेकाला वेगळा मेल करून माफी मागितली, आणि आता मेल येतो तेव्हा टू मध्ये त्याचा एकट्याचा पत्ता असतो.

बिल्डिंगमधल्या बाई मात्र गटात परत आलेल्या नाहीत. परवा जिन्यात भेटल्या, हसल्या आणि पटकन खाली गेल्या. मला त्यांच्या घरी कोण आजारी आहे, औषधं नीट चालू आहेत का, एवढंच विचारायचं होतं.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त टायपिस्ट, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)