स्नेहलच्या हॉस्टेलबद्दल, काकांनाही वाचून दाखवा

अण्णा, आई, आबा,

सगळ्यांना नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, थंडी चांगलीच पडलीय. परवा फोनवर आई बोलता बोलता म्हणाली की काका स्नेहलला पुण्याच्या हॉस्टेलमधून काढून आपल्या समाजाच्या वसतिगृहात ठेवायचं म्हणतायत, का तर तिची रूममेट आपल्यातली नाही. तेव्हापासून डोक्यातनं जातच नाहीये. फोनवर बोलले असते तर नुसता वाद झाला असता म्हणून आधी लिहितेय, अण्णा तुम्ही हे काकांना वाचून दाखवा, पूर्ण.

तुम्हाला माहितीये मी कुठे शिकते, पण हे कॉलेज नेमकं काय आहे ते काकांना कुणी सांगितलं नसेल. केंटकी राज्यात बेरिया म्हणून छोटंसं गाव आहे, तिथलं हे बेरिया कॉलेज, सगळी मिळून 1,500 च्या आसपास पोरं. ट्युशन फी कुणालाच नाही, 1892 पासून नाही, आणि घरची ऐपत नाही अशांनाच घेतात. शिवाय प्रत्येकाने आठवड्याला किमान 10 तास कॉलेजचं काम करायचं, कुणी शेतावर, कुणी ऑफिसात, कुणी कॉलेजच्याच हॉटेलात. आबा, तुमचं रयतमधलं कमवा आणि शिका अगदी तेच! कर्मवीरांनी साताऱ्यात 1924 ला बोर्डिंग काढलं तेव्हा सगळ्या जातीची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, हे मी तुमच्याकडूनच ऐकत मोठी झाले.

इथली सुरुवात 1855 ची. जॉन फी नावाचे धर्मोपदेशक होते, गुलामगिरीच्या कट्टर विरोधातले, तेही गुलामगिरी चालू असलेल्या राज्यात. 1859 मध्ये शस्त्रं घेऊन आलेल्या जमावाने त्यांना आणि त्यांच्या माणसांना राज्याबाहेर हाकललं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर ते परत आले आणि 1866 पासून काळी आणि गोरी मुलंमुली एकाच वर्गात बसायला लागली, आणि पुढची पंचवीसेक वर्षं तर जवळजवळ निम्मी निम्मी. त्या काळात, त्या भागात! कार्टर वुडसन, ज्यांच्यामुळे अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा इतिहास साजरा व्हायला लागला, ते आधी कोळशाच्या खाणीत काम करायचे आणि 1903 ला इथून पदवी घेऊन गेले.

आणि पुढच्याच वर्षी, 1904 ला, राज्याने कायदा केला की काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र शिकवायचं नाही. शिकवलं तर कॉलेजला दंड. वेगळी शाखा काढायची म्हटलं तरी ती 25 मैल लांब पाहिजे, म्हणजे पोरं एकमेकांच्या नजरेलाही पडायला नकोत. कॉलेज सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 1908 ला हरलं. न्यायमूर्ती हार्लन यांनी निकालाच्या विरोधात लिहिलं, ते स्वतः केंटकीचे होते, पण बहुमत दुसऱ्या बाजूला होतं. मग काळ्या मुलांसाठी इथल्याच लुइव्हिल शहराजवळ वेगळी शाळा काढावी लागली, 1912 ला. 1950 ला कायदा बदलला तेव्हा कुठे ती मुलं परत इथे येऊ शकली. 46 वर्षं!! मला ह्याचा अजून राग येतो, कारण पोरांचं एकमेकांशी जमत होतं, शिकवणाऱ्यांचं जमत होतं, ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांनी मोडलं ते.

काका म्हणतील समाजाची वसतिगृहं तर शाहू महाराजांनीच काढली. काढली ना, पण कधी, जेव्हा त्या त्या समाजाच्या पोराला कोल्हापुरात राहायला कुणी खोली देत नव्हतं तेव्हा. दार बंद होतं म्हणून वेगळं दार केलं. स्नेहलला तर खोली मिळालीय, चांगली मिळालीय, शेजारी कोण झोपतं म्हणून ती सोडायची हा महाराजांचा विचार आहे असं कुणी मला सांगू नये.

माझी रूममेट पूर्व केंटकीच्या डोंगराळ भागातली आहे, वडील खाणीत होते, घरातली कॉलेजला आलेली पहिलीच. गोऱ्या लोकांत एवढी गरिबी असते हे मला इथे येऊन कळलं. माझं काम झाडू बनवायच्या वर्कशॉपमध्ये आहे, आणि आई, हे झाडू ज्याचे करतात ते ज्वारीच्याच जातीचं पीक आहे, फक्त कणसाच्या जागी लांब काड्या येतात. काड्या आधी भिजवायच्या, मग दांड्याभोवती धरून दोरी गुंडाळायची, आणि दोरी एवढी ताणायची की दांडा हलता कामा नये. मला हे शिकवलं लुइव्हिलच्या एका कृष्णवर्णीय सिनियर मुलीने, माझे हात धरून, आणि तिच्या हाताखाली गोरी, काळी, आफ्रिकेतली, नेपाळची अशी सगळी पोरं काम करतात. मेसमध्ये अजूनही बरेचदा आपापल्यांचे घोळके बसतात, उगाच गोड चित्र नाही रंगवत, पण कामावर तसं होत नाही, तिथे जोडीला जो असेल त्याच्याशी बोलावंच लागतं आणि तिथली ओळख मग मेसच्या टेबलावर येते, आमच्या टेबलावर आलीय.

हल्ली इथलंही वारं फिरलंय. मागे राहिलेल्यांना संधी मिळावी म्हणून कॉलेजं प्रवेशात वंश बघायची, त्याला 2023 ला सुप्रीम कोर्टाने बंदी केली, आणि 2025 ला ह्याच केंटकीने सरकारी विद्यापीठांतले सर्वसमावेशकतेचे, म्हणजे सगळ्या वंशांच्या मुलांना सामावून घेण्याचं काम करणारे, विभाग बंद करायचा कायदा केला, गव्हर्नरने नाकारला तरी विधिमंडळाने पास केलाच. आमचं कॉलेज खाजगी म्हणून तो आम्हाला थेट लागू नाही, पण काळजी वाटतेच. इथे 1904 चा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, एकत्र आणायला किती वर्षं लागतात आणि तोडायला एक सही पुरते हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून काका, तुम्हाला हात जोडून सांगते, स्नेहलला काढू नका. तुमच्यावर कुणी कायदा केलेला नाही, कुणी दंड लावणार नाही, मग स्वतःहून पोरीला कशाला वेगळं काढायचं? तिची रूममेट कशी आहे ते स्नेहललाच विचारा ना, मला तर तिने सांगितलं की ताप आला होता तेव्हा रात्रभर तीच उठून बघत होती. दिवाळीला दोघींना घरी बोलवा, आई तू पुरणपोळी कर, आणि आबा तुम्ही तेव्हा साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये कुणाकुणाच्या ताटाला ताट लावून जेवलात ते काकांसमोर सांगा, माझ्यापेक्षा तुमचं ते ऐकतील.

रविवारी सकाळी तुमच्या आठला फोन करते, इथे शनिवारची रात्र असते. तेव्हा काकांनाही बोलावून ठेवा, मी बोलते त्यांच्याशी.

तुमची,
पिंकी