‘कोणत्याही एचओ रुळावर चालते’ असे छापलेल्या फाटक-संचाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : स्वयंचलित रेल्वे फाटकाच्या संचाचे पैसे परत मिळणे व खोक्यावरील मजकूर दुरुस्त होणे

महोदय,

आपल्या कंपनीकडून मॉडेल रेल्वेसाठी फाटकाचा संच मागवला होता. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. गाडी जवळ आली की फाटक पडावे, लाल दिवे लुकलुकावेत आणि शेवटचा डबा गेला की फाटक उठावे, एवढेच त्याचे काम. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘कोणत्याही एचओ रुळावर चालते’ असे छापले आहे (एचओ म्हणजे मॉडेल रेल्वेचे एक माप). माझी मूळ तक्रार या वाक्याबद्दल आहे.

सोबतचे पत्रक सांगते की, एक रूळ दोन ठिकाणी कापा, तिथे प्लास्टिकचे जॉइनर (रुळांची टोके जोडणाऱ्या पट्ट्या) घाला आणि मधल्या तुकड्याची वायर रिलेला (विजेवर चालू-बंद होणाऱ्या स्विचला) जोडा. गाडीची चाके दोन्ही रूळ एकमेकांना जोडतील आणि रिले चालू होईल. युक्ती उत्तम आहे, पण ती तीन रुळांच्या मांडणीतली. तिथे वीज मधल्या रुळातून येते आणि बाहेरचे दोन्ही रूळ विजेच्या परतीचे असतात. त्यातला एक मोकळा करून बटणासारखा वापरला तरी गाडीचे काही अडत नाही. लायोनेल कंपनीच्या मोठ्या गाड्या आणि मेर्कलिन कंपनीची एचओ मांडणी याच पद्धतीची; त्यांच्यावर आपला संच चालेलही.

माझी मांडणी दोन रुळांची आहे, आणि एचओमध्ये बहुतेकांची तशीच असते. एक रूळ धन, दुसरा ऋण. म्हणून प्रत्येक ॲक्सलवरचे (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्यावरचे) एक चाक तरी प्लास्टिकने वेगळे केलेले असते, नाहीतर गाडी रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट व्हायची. अशी चाके दोन रूळ जोडणार कशी? रुळांमधले अंतर दोन्ही पद्धतींत १६.५ मिलिमीटरच, त्यामुळे नुसते ‘एचओ’ वाचून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही. खऱ्या रेल्वेची चाके आणि ॲक्सल अखंड पोलादाचे असतात, म्हणून विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली पेटंट घेतलेले ट्रॅक सर्किट (चाकांनी दोन रूळ जोडले की गाडी आल्याचे ओळखणारी व्यवस्था) तिथे आजही चालते. आपल्या पत्रकाने तेच तत्त्व उचलले, पण मॉडेलच्या चाकांमधले प्लास्टिक विसरले.

परिणाम असा की, कापलेल्या तुकड्यावर पूर्ण आले की इंजिन बरोबर फाटकातच बंद पडते, आणि फाटक मात्र उघडेच. तुकड्याला शेजारच्या रुळातून वीज दिली तर रिले कायमचा चालू, म्हणजे फाटक कायमचे बंद.

आपल्या मदत केंद्राने आधी रूळ पुसायला सांगितले, मग इंजिन बदलून पाहायला, मग व्होल्टेज वाढवायला. ‘मांडणी दोन रुळांची आहे की तीन?’ एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर पुढचे सगळे टळले असते. शेवटी बदली म्हणून इन्फ्रारेड सेन्सर आला. त्याला गाडी दिसते, हे मान्य. पण दोन डब्यांमधली फटही दिसते! त्यात काही क्षण थांबण्याची सोयच नसल्याने पॅसेंजर जाईपर्यंत फाटक उठाबशा काढत राहते.

याहून गंभीर बाब फाटक हलवणाऱ्या कॉइलची (तारेच्या वेटोळ्याची) आहे. अशा कॉइलला क्षणभरच वीज मिळायला हवी. आपल्या जोडणीत सेन्सरसमोर गाडी उभी असेपर्यंत वीज चालूच राहते. मालगाडी सिग्नलला थांबवली होती. थोड्या वेळात जळका वास आला, आणि पाहतो तो फाटकाचा प्लास्टिकचा तळ वाकून रस्त्यापासून सुटलेला. लहान मुले हाताळतात अशा वस्तूत हे चालण्यासारखे नाही. कॉइलला फक्त एक झटका देणारे कपॅसिटरचे सर्किट काही फार महाग नसते.

दोन रुळांच्या मांडणीला इंजिनाखाली चुंबक व रुळांमध्ये रीड स्विच (चुंबक जवळ आला की चालू होणारा), नाहीतर करंट डिटेक्टर (गाडी घेत असलेली वीज ओळखणारा) लागतो. यातले काहीही खोक्यात नाही, आणि ते लागेल असेही कुठे लिहिलेले नाही.

तरी संचाची पूर्ण किंमत आणि कापाव्या लागलेल्या रुळांचा खर्च परत करावा. ते रूळ खडी चिकटवून पक्के केलेले होते. ते उखडून नवीन टाकण्याची मेहनत मी हिशेबात धरलेली नाही. शिल्लक खोक्यांवर ‘फक्त तीन रुळांच्या मांडणीसाठी’ अशी पट्टी चिकटवावी आणि जळणाऱ्या कॉइलबद्दल आधीच्या ग्राहकांना कळवावे. संच परत न्यायचा असल्यास तो आपल्या खर्चाने न्यावा. कुरिअरचा भुर्दंड मी सोसणार नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन, आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगात जाईन.

आपला,
(सही)

सोबत : बिलाची प्रत, खोक्याचे व पत्रकाचे फोटो, वाकलेल्या फाटकाचा फोटो, मदत केंद्राशी झालेला पत्रव्यवहार