पाय वर, टाच अधांतरी

प्रिय सई,

तुझ्या तक्रारी दोन आहेत. पाय ठणकतोय, आणि एक्स-रेमध्ये घोट्याचं हाड सरळ सरळ मोडलेलं दिसत असताना ऑपरेशन मात्र पुढे ढकललं. दुसरीचं आधी सांगते, कारण ती समजली की पहिलीवर काय करायचं तेही बरंचसं कळेल.

घोट्याभोवती मांस जवळजवळ नसतं. हाड, त्यावर थोडे अस्थिबंध आणि लगेच कातडी. हाड मोडलं की आत झिरपलेलं रक्त आणि पाणी त्या पातळ कातडीखालीच साठतं. ती ताणून चकचकीत होते, कधी कधी फोड येतात. अशा कातडीवर चीर दिली तर टाके घालताना कडा जुळत नाहीत, जखम उघडी राहते आणि जंतू थेट आतल्या प्लेट-स्क्रूपर्यंत पोचू शकतात. त्यामुळे सूज चढण्याआधी, पहिल्या काही तासांत ऑपरेशन झालं तर झालं. एरवी ती उतरेपर्यंत थांबतात. साधारण ७ ते १४ दिवस. घोट्याच्या कातडीवर बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की सर्जन समजतात, आता हात घालायला हरकत नाही. फार लांबवूनही चालत नाही, कारण दोन-तीन आठवड्यांनी मोडलेल्या जागी नवं हाड धरू लागतं आणि तुकडे जागेवर बसवणं अवघड होतं. तेव्हा तुला कुणी विसरलेलं नाही. तारीख बरीचशी सुजेवर अवलंबून आहे आणि सूज उतरवायचं काम घरीच व्हायचं आहे.

सूज पहिले दोन-तीन दिवस वाढतेच, त्यात तुझं काही चुकत नाही. पण खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर ठेवला की 'पाय वर ठेवला' असं लोक समजतात, तसं ते नव्हे. घोटा हृदयापेक्षा उंच हवा. उताणी पडल्यावर पायाची बोटं नाकापेक्षा वर दिसली पाहिजेत. त्यासाठी दोन-तीन घट्ट उशा लागतात. मऊ उशी तासाभरात बसते. उशा आडव्या नकोत, उभ्या लाव, म्हणजे गुडघ्यापासून पोटरीपर्यंत सगळ्या पायाला आधार मिळेल. गुडघा किंचित वाकलेला असू दे. टाच मात्र उशीच्या काठाबाहेर, अधांतरी हवी. टाचेवर भार राहिला तर प्लॅस्टरच्या आत काही तासांतच कातडी दबून जखम होऊ शकते आणि ती बाहेरून दिसत नाही. मंदारला सांग, टाचेखालून तळहात सहज सरकतो का ते दर वेळी बघायला. टाचेच्या जागी जळजळ होत असेल तर ती हाडाची म्हणून सोडून देऊ नकोस.

रात्री उशा घसरतात. गादीचाच पायथा उंच करणं जास्त टिकतं: गादीखाली दुमडलेली ब्लँकेटं सरकवायची आणि वर एकच उशी ठेवायची. पाय बाहेरच्या बाजूला कलंडतो आणि त्यानेच झोपेत कळ येते, म्हणून दोन्ही कडेला गुंडाळलेला टॉवेल लाव. पांघरुणाचं ओझं बोटांवर नको. पायथ्याशी पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवून चादर त्यावरून घे. डोळा लागता लागता मांडीला झटका बसून एकदम जीव जाईल अशी कळ येते, तेव्हा घाबरू नकोस. मोडलेल्या हाडाभोवतीचे स्नायू आखडतात, त्यातून हे होतं. पायाला चांगला आधार असला की ते कमी होतं.

बाथरूमला जायला पाय खाली सोडलास की ठणका लागेल आणि बोटं लाल-जांभळी होतील. रक्त खाली उतरून साठतं म्हणून. पाय वर घेतल्यावर काही मिनिटांत रंग आणि ठणका दोन्ही निवळले पाहिजेत. एका वेळी दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त पाय खाली ठेवू नकोस. जेवणसुद्धा पलंगावरच कर, त्यात लाज कसली?

बर्फ चालतो, पण स्लॅबवरून, म्हणजे मागच्या बाजूने बसवलेल्या अर्ध्या प्लॅस्टरवरून, गारवा आत पोचायला वेळ लागतो. बर्फाची पिशवी कोरड्या टॉवेलात गुंडाळून, पुढच्या बाजूला जिथे नुसतं बँडेज आहे तिथे वीस मिनिटं ठेव, दोन-तीन तासांनी पुन्हा. उघड्या कातडीवर थेट बर्फ नको, आणि पिशवी गळकी नसावी. प्लॅस्टर ऑफ पॅरिस भिजलं की मऊ पडतं, आणि आतला ओला कापूस कातडी कुजवतो.

आता औषधं. दुखायला लागल्यावर गोळी घ्यायची, हीच सगळ्यांची सवय आणि तिथेच फसतं. कळ एकदा चढली की तेवढ्याच गोळीने ती उतरत नाही. पॅरासिटामॉल घड्याळाप्रमाणे घ्यायचं. वजन ५० किलोच्या वर असलेल्या आणि यकृत धड असलेल्या मोठ्या माणसाला एका वेळी १ ग्रॅम, म्हणजे ५००च्या दोन गोळ्या, दर सहा तासांनी. चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. तुला डॉक्टरांनी कमी लिहून दिलं असेल तर तेच पाळ. सर्दीच्या आणि जोड-वेदनाशामक गोळ्यांतही पॅरासिटामॉल दडलेलं असतं, तेही हिशेबात धर. प्रत्येक पाकिटामागचं बारीक अक्षर वाच. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक मनाने सुरू करू नकोस: पोट, किडनी आणि रक्त पातळ करणारं इंजेक्शन या तिन्हींशी त्याचं वाकडं येऊ शकतं. सर्जनला विचारून काय ते ठरव.

ट्रॅमाडॉल किंवा कोडीनसारखी तीव्र गोळी दिली असेल तर ती मुख्यतः रात्रीसाठी आणि आंघोळीसारख्या हालचालीच्या आधी पाऊण तास, जर सांगितलेल्या वेळांत बसत असेल तर. गुंगी येते, त्यामुळे गोळीनंतर लगेच कुबड्या घेऊन उठायचं नाही. दारू तर नाहीच. आणि पोट साफ होत नाही. हे कुणी आधी सांगत नाही आणि चौथ्या दिवशी पायापेक्षा पोटाचं दुःख मोठं होतं. पहिल्या तीव्र गोळीसोबतच सौम्य रेचक सुरू करायचं का ते विचार, पाणी भरपूर पी. बाथरूमला जायला नको म्हणून पाणी कमी पिण्याचा शहाणपणा करू नकोस. एका कागदावर गोळीचं नाव आणि घेतल्याची वेळ लिहीत जा. गुंगीत आणि अर्धवट झोपेत 'घेतली की नाही' हे कुणालाच आठवत नाही.

पुढचं मंदारलाही वाचायला दे.

पहिले काही दिवस जागेपणी दर दोन-तीन तासांनी बोटं बघायची. नख दाबायचं, पांढरं पडतं. सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. बोटं कोमट हवीत, स्पर्श कळला पाहिजे, तुला ती हलवता आली पाहिजेत. बोटं पांढरी किंवा निळी, गार, बधिर झाली, मुंग्या थांबेनात, किंवा बोटं नुसती हाताने वर वाकवली तरी पोटरीत असह्य कळ येते आणि औषधाने तिला काहीच फरक पडत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. पायाच्या स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा तुटत असू शकतो आणि काही तासांत स्नायू कायमचे जातात. दुखापत नवी असताना हा धोका सगळ्यात जास्त. अशा वेळी पाय आणखी उंच करायचा नाही, उलट हृदयाच्या पातळीवर आणायचा, कारण उंचीवर आधीच कमी असलेलं रक्त आणखी कमी पोचतं. तातडीच्या विभागाला फोन करायचा, बँडेज सैल करायचं का ते त्यांना विचारायचं आणि निघायचं. पोटरी किंवा मांडी नव्याने सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दाखवायचं. अचानक धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त म्हणजे रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची शंका: लगेच ॲम्ब्युलन्स.

ती गुठळी होऊ नये म्हणून काहींना पोटावर घ्यायची हेपारिनची इंजेक्शनं देतात. तुला दिली असतील तर रोज त्याच वेळी घे, सुई टोचलेली जागा चोळू नकोस, आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते लिहून ठेव. पाठीच्या कण्यात सुई देऊन भूल द्यायची असेल तर भूलतज्ज्ञ पहिल्यांदा तेच विचारतील. इंजेक्शन असो-नसो, चांगल्या पायाचा घोटा तासातून दहा-बारा वेळा वर-खाली करायचा आणि मोडक्या पायाची बोटं हलवत राहायची.

एक गोष्ट गंमतशीर वाटेल. चार-पाच दिवस बरे गेले आणि मग अचानक पुन्हा दुखायला लागलं, असं होतं. बऱ्याचदा कारण चांगलंच असतं: सूज उतरली, स्लॅब सैल झाला, आणि आत हाडाचे तुकडे हलू लागले. घरी वरून आणखी एक बँडेज करकचून गुंडाळायचं नाही. फोन करून स्लॅब पुन्हा बांधून घ्यायचा. ओल, वास किंवा ताप असला तर अर्थातच आणखी लवकर. खाज सुटली तर पट्टी-सुई आत घालू नकोस. कातडी खरचटली तर ऑपरेशन पुन्हा पुढे जाईल. हेअर ड्रायरची गार हवा वरच्या कडेतून सोड.

कुबड्यांची उंची कुणी मोजून दिली का? काखेत आणि कुबडीच्या गादीत दोन-तीन बोटं अंतर हवं. मूठ मनगटाच्या रेषेशी, कोपर थोडं वाकलेलं. भार तळहातांवर, काखेत टेकायचं नाही. काखेतली नस दबून हाताला मुंग्या येतात आणि मनगट लुळं पडू शकतं. खालचं रबर झिजलं असेल तर आजच बदला. मोडका पाय जमिनीला टेकवायचा नाही, 'जरासा' सुद्धा नाही. स्लॅब तुझं वजन पेलायला केलेला नसतो. जिना चढताना चांगला पाय आधी, मग कुबड्या आणि मोडका पाय. उतरताना कुबड्या आधी खाली, मोडका पाय पुढे, मग चांगला. तोल जात असेल तर बसून, एकेक पायरी सरकत जाणं सगळ्यात सुरक्षित. सतरंज्या, वायरी, ओली फरशी आधी हटवा. दोन्ही हात अडकलेले असतात, त्यामुळे गळ्यात आडवी लटकवायची पिशवी कर: फोन, घट्ट झाकणाची बाटली, गोळ्यांचा कागद.

ऑपरेशनपर्यंत आंघोळ म्हणजे ओल्या कपड्याने अंग पुसणं, एवढंच. प्लॅस्टिकची पिशवी टेपने कितीही गच्च बांधली तरी पाणी शिरतं. रात्रीसाठी पलंगाजवळ कमोडची खुर्ची असली तर अर्ध्या झोपेत कुबड्या शोधाव्या लागत नाहीत; घरात पडण्याची तीच तर वेळ.

सिगरेटबद्दल आपलं बोलणं भांडणात संपतं, म्हणून एकच वाक्य: निकोटीनमुळे कातडीला रक्त कमी पोचतं, जखम आणि हाड दोन्ही उशिरा भरतात, आणि व्हेपिंगमध्येही बहुतेक वेळा निकोटीन असतंच.

ऑपरेशनच्या आधी पायाचे केस घरी ब्लेडने काढू नकोस, बारीक कापांतून जंतू शिरतात. लागलंच तर तिथे क्लिपरने काढतील. नेलपॉलिश काढून टाक, अंगठ्या घरी ठेव. उपाशी किती वेळ राहायचं ते रुग्णालय सांगेल. साधारणपणे घन अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. रोजच्या गोळ्यांपैकी कुठली थांबवायची हे विचारल्याशिवाय थांबवू नकोस. एखादा गंभीर अपघात आला तर तुझा नंबर ऐन वेळी मागे जाऊ शकतो. असं झालं तर 'आता खाऊ का, आणि पुन्हा किती वाजल्यापासून उपास?' हे तिथल्या तिथे विचार, नाही तर उगाच दिवसभर उपाशी राहशील.

तपासणीला जाताना गाडीत मागच्या सीटवर आडवी बस, पाय सीटवर लांब करून, पाठ दाराला टेकली तर दार लॉक केलेलं असू दे. प्रश्न लिहून ने: प्लेट बसणार का, भूल कुठली, किती आठवडे पाय टेकवायचा नाही, टाके कधी निघणार, रक्त पातळ करणारं औषध किती दिवस, आणि रात्री-बेरात्री फोन कुठल्या नंबरवर करायचा. हा शेवटचा प्रश्न खरं तर आजच फोन करून विचार, आणि नंबर फ्रिजवर चिकटव.

तुझी,
आई