फ्रिट्झ वाल्टरचे ३३ गोल आणि मधली साडेआठ वर्षे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत जर्मनीच्या जुन्या फुटबॉलपटूंच्या गोलांचा तक्ता आला होता. त्यात फ्रिट्झ वाल्टरच्या नावापुढे ६१ सामने, ३३ गोल एवढीच नोंद होती आणि आजच्या आघाडीवीरांपुढे हा आकडा किरकोळ असल्याचा शेरा होता. आकडे बरोबर आहेत. शेरा मात्र पटला नाही.

वाल्टरचा जन्म ३१ ऑक्टोबर १९२० चा, कायझरस्लाउटर्नचा. १४ जुलै १९४० रोजी फ्रँकफर्टला रुमानियाविरुद्ध तो जर्मनीकडून पहिल्यांदा खेळला. जर्मनीने ९-३ असा सामना जिंकला, त्यात तीन गोल त्याचे. चोविसावा सामना २२ नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रातिस्लाव्हात झाला आणि पंचविसावा थेट १५ एप्रिल १९५१ रोजी झ्युरिचमध्ये. आधी महायुद्ध, मग पराभूत जर्मनीवर फिफाची बंदी. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षापासून तिसाव्यापर्यंत, खेळाडूच्या ऐन उमेदीच्या काळात, एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही. या काळात तो सैन्यात होता, मलेरियाने आजारी पडला, शेवटी रशियनांच्या कैदेत गेला. रुमानियातल्या सिगेतच्या छावणीतून कैद्यांची पुढची रवानगी सोव्हिएत रशियात होई. तिथे पहारेकऱ्यांबरोबर खेळताना एका हंगेरियनाने आपल्याला ओळखले आणि त्यामुळे आपण वाचलो, असे वाल्टर स्वतः सांगत असे. ऑक्टोबर १९४५ मध्ये तो घरी परतला.

परतलेला वाल्टर गोल करणारा राहिला नव्हता, गोल घडवणारा झाला होता. त्या काळच्या डब्ल्यू-एम रचनेत पुढचे पाच जण इंग्रजी ‘डब्ल्यू’च्या आकारात उभे असत. वरच्या तीन टोकांवर दोन विंगर (कडेने धावणारे) आणि सेंटर फॉरवर्ड, खालच्या दोन टोकांवर इनसाइड फॉरवर्ड. वाल्टर खालच्या टोकाला. मागच्या हाफबॅककडून (मधल्या फळीतल्या खेळाडूकडून) चेंडू घ्यायचा, खेळाची दिशा बदलायची आणि विंगरला मोकळ्या जागेत पास द्यायचा, हे त्याचे काम. १९५४ च्या विश्वचषकात त्याचे स्वतःचे गोल तीनच, त्यातले दोन ऑस्ट्रियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात (६-१) पेनल्टीवर. पण हंगेरीविरुद्धच्या अंतिम सामन्यात अठराव्या मिनिटाला हेल्मुट रानने बरोबरी साधली ती वाल्टरच्याच कॉर्नरवर. गोलांच्या तक्त्यात हा कॉर्नर कुठे दिसणार? जाता जाता, त्या स्पर्धेत त्याच्या पाठीवर १६ क्रमांक होता. गोल घडवणाऱ्याचा म्हणून ओळखला जाणारा दहा क्रमांक होता बचावफळीतल्या लीब्रिखकडे!

त्याच स्पर्धेत आधी गटात हंगेरीकडून झालेला ३-८ हा पराभव प्रशिक्षक सेप हर्बर्गरची निव्वळ चाल होती, असेही नेहमी लिहिले जाते. नियम पाहिले तर गोष्ट सोपी आहे. गटात चार संघ, दोन मानांकित. मानांकित संघ एकमेकांशी खेळत नसत, त्यामुळे प्रत्येकाला दोनच सामने. दुसऱ्या जागेसाठी गुण समान झाले तर गोलफरक न पाहता पुन्हा सामना. जर्मनीच्या गटात हंगेरी आणि तुर्कस्तान मानांकित होते. तुर्कस्तानला ४-१ हरवल्यावर हर्बर्गरला दिसत होते, की हंगेरीकडून एक गोलने हरलो काय आणि पाच गोलने हरलो काय, तुर्कस्तानशी पुन्हा गाठ पडण्याचीच शक्यता जास्त. म्हणून गोलरक्षक टुरेक, मोरलॉक, शेफर, फ्रिट्झचा भाऊ ओटमार वाल्टर यांना त्याने विश्रांती दिली. फ्रिट्झ मात्र खेळला. तीन दिवसांनी तुर्कस्तानला ७-२ हरवून जर्मनी पुढे गेली. हंगेरीच्या पुश्काशचा घोटा त्या ३-८ च्या सामन्यात लीब्रिखच्या धडकेने दुखावला, हे काही कोणत्या योजनेत बसणारे नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी, ४ जुलै १९५४ ला, बर्नमध्ये पाऊस होता. मलेरियानंतर वाल्टरला ऊन सोसत नसे आणि ओल्या मैदानावर त्याचा खेळ खुले, म्हणून जर्मनीत पावसाळी हवेला आजही ‘फ्रिट्झ वाल्टर हवा’ म्हणतात. जर्मन संघाचे बूट बनवणाऱ्या आडी डासलरच्या (आदिदासवाल्या) बुटांबद्दलही थोडे सांगायला हवे. जुन्या बुटांना चामड्याचे स्टड (तळाच्या खुंट्या) खिळ्यांनी ठोकलेले असत. त्यांची उंची ऐनवेळी बदलता येत नसे. चिखलात आखूड स्टड खालच्या घट्ट मातीपर्यंत पोचत नाहीत आणि वळताना पाय सटकतो. उलट कोरड्या, टणक मैदानावर लांब स्टड तळव्याला टोचतात. डासलरने बुटाच्या तळात आटे बसवून स्टड फिरवून काढता-घालता येतील असे केले, त्यामुळे हवा बघून लांबी ठरवता आली. तरी बुटांनी विश्वचषक जिंकला म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. ०-२ वरून २-२ अशी बरोबरी अठरा मिनिटांतच झाली होती. स्टडचा खरा फायदा मैदान उखडल्यावर, उत्तरार्धात झाला असणार. जर्मनीला ३-२ असा विजय देणारा रानचा गोल ८४ व्या मिनिटाचा.

त्या अकरा जणांत पाच एकट्या कायझरस्लाउटर्न क्लबचे होते: वाल्टर बंधू, लीब्रिख, कोलमायर, एकेल. या क्लबने १९५१ आणि १९५३ मध्ये जर्मन अजिंक्यपद मिळवले. बुंडेसलीगा १९६३ ला सुरू झाली. त्याआधी करारबद्ध खेळाडूला महिन्याला ३२० मार्क पगाराची मर्यादा होती. माद्रिदच्या अॅटलेटिकोने कितीतरी जास्त देऊ केले, तरी वाल्टर गाव सोडून गेला नाही.

शेवटचा सामना २४ जून १९५८ चा, गोथेनबर्गला, स्वीडनविरुद्ध विश्वचषकाची उपांत्य फेरी. वाल्टर ३७ वर्षांचा. जर्मनीच्या युस्कोविआकला मैदानाबाहेर काढले होते. त्यात स्वीडनच्या पार्लिंगच्या टॅकलने वाल्टर जायबंदी झाला. बदली खेळाडू तेव्हा चालत नसे. १-१ अशी बरोबरी असताना जर्मनीचे धडधाकट नऊच उरले आणि शेवटच्या दहा मिनिटांत स्वीडनने दोन गोल केले.

असा तक्ता पुन्हा छापाल तेव्हा गोलांशेजारी खेळाडूची जागा आणि पहिल्या-शेवटच्या सामन्याची तारीख असे दोन रकाने वाढवावेत. वाल्टरच्या बाबतीत १९४२ ते १९५१ ही तळटीपही द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर